यादीवरच्या खुणा आणि पोटातली गृहीतकं

आजचा विषय वरवर कोरडा वाटेल, पण त्यात मोठमोठ्या कंपन्यांचे पैसे बुडालेले आहेत आणि अनेकांची झोप उडालेली आहे. कोणता माल किती, कधी आणि कुठे लागेल हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेलं असतं. ते काढून बाजारातलं तयार पॅकेज बसवायचं का? आणि मुख्य म्हणजे, हे ठरवायचं कसं?

रूढ पद्धत आपल्याला माहीत आहे. गरजांची शे-दोनशे ओळींची यादी करायची, विक्रेत्यांना बोलवायचं, डेमो बघायचा आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. नव्वद टक्के खुणा झाल्या की "उरलेलं कस्टमाइझ करून घेऊ" म्हणायचं आणि सही करायची. आमचा आक्षेप या पद्धतीवरच आहे. सॉफ्टवेअर काय करतं एवढंच ही यादी विचारते. ते काय धरून चालतं, हे ती विचारत नाही. आणि गाडी अडते ती नेमकी तिथे.

लिडलचं उदाहरण घेऊ. लिडल ही जर्मनीतली स्वस्त किराणा दुकानांची मोठी साखळी. २०११च्या सुमारास तिने मालसाठ्याची आपली घरची प्रणाली बदलून सॅपचं पॅकेज आणायला घेतलं. जुलै २०१८मध्ये प्रकल्प गुंडाळला आणि कंपनी जुन्या प्रणालीकडे परतली. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. जर्मन वृत्तपत्रांनी पुढे आणलेलं एक कारण बघा. लिडल साठ्याचा हिशोब खरेदीच्या किमतीवर करायची आणि पॅकेजची मूळ रचना विक्रीच्या किमतीवर होती. "साठ्याचं मूल्यांकन करतं का?" अशी ओळ यादीत असती तर तिच्यापुढे खूणच पडली असती. करतं की! पण किंमत म्हणजे नुसता एक रकाना नव्हे. साठा, नफा, अहवाल, सगळं तिच्यावर उभं असतं. ती वीट काढायला गेलात की भिंत हलते.

आता आपल्या ओळखीचं एक उदाहरण. समजा, एक सहकारी दूध संघ आहे. नियोजनाची बहुतेक पॅकेजं कारखाना डोळ्यांपुढे ठेवून बनलेली असतात. मागणी आली की तिच्यावरून मागे मागे जात कच्चा माल किती लागेल ते काढायचं. दुधाचा हिशोब उलटा चालतो. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात आणि ते घ्यावंच लागतं. हिवाळ्यात दूध जास्त येतं, उन्हाळ्यात घटतं, आणि दही-ताक, आइस्क्रीम लोकांना उन्हाळ्यातच हवं. म्हणजे प्रश्न "किती दूध मागवू?" हा नसतो. "आलेल्या दुधाचं, त्यातल्या फॅट आणि एसएनएफचं काय करू? पिशवी भरू, लोणी काढू की भुकटी करू?" हा असतो. संघाच्या घरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दिशा पहिल्या दिवसापासून असते, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असते की गरजांच्या यादीत लिहायचं कुणाला सुचतच नाही. पॅकेज चालू झालं की मग प्लॅनर रोज सकाळी आकडे एक्सेलमध्ये काढून घेतात आणि खरं नियोजन तिथे करतात. परवान्याचे पैसे मात्र भरावेच लागतात.

यावरून "तयार पॅकेज नकोच" असा निष्कर्ष काढाल तर तीही चूक होईल. नायकीने २०००च्या सुमारास आयटू कंपनीचं नियोजनाचं पॅकेज बसवलं. फेब्रुवारी २००१मध्ये तिमाहीची विक्री सुमारे १० कोटी डॉलरने कमी भरणार असं जाहीर झालं. काही बूट गरजेपेक्षा जास्त, तर मागणी असलेले कमी. नायकीने बोट आयटूकडे दाखवलं. आयटूचं म्हणणं, आम्ही सुचवलेली पद्धत तुम्ही पाळली नाहीत. पण पुढचं बघा. नायकीच्या दुकानदारांची ऑर्डर अनेक महिने आधी नोंदवायची जुनी रीत होती. नंतर कंपनीने नजीकच्या काळाचं नियोजन अंदाज बांधणाऱ्या त्या पॅकेजमधून काढलं आणि हातातल्या ऑर्डरींवर चालणाऱ्या सॅपमध्ये नेलं. तिथे ते टिकलं. म्हणजे एकाच विक्रेत्याचं नाव एकीकडे फसलं, दुसरीकडे जमलं. घरचं विरुद्ध बाजारचं असा हा सामनाच नाही.

शिवाय घरच्या सॉफ्टवेअरला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. ते लिहिणारा माणूस निवृत्त झालेला असतो, कागदावर काही नसतं, आणि "हा नियम का आहे?" विचारलं तर उत्तर येतं, "पहिल्यापासून आहे."

मग कसोटी कोणती? आम्ही दोन सुचवतो. पहिली: घरच्या प्रणालीतल्या प्रत्येक वेगळेपणाची तीन ढिगांत वाटणी करा. कायद्याने किंवा मालाच्या स्वभावाने आलेलं, जसं नासण्याची मुदत. धंद्याची ताकद असलेलं. आणि निव्वळ सवय. सवय सोडून द्या, त्यासाठी एक रुपयाचंही कस्टमायझेशन नको. पहिला ढीग पॅकेजच्या साध्या सेटिंगमध्ये बसलाच पाहिजे. दुसरा बसत नसेल तर तेवढा भाग घरचाच ठेवा आणि पॅकेजला जोडा.

दुसरी: विक्रेत्याचा डेमो बाजूला ठेवा. गेल्या वर्षातले सर्वांत वाईट चार आठवडे निवडा, सणाचे, संपाचे, पुराचे. तेव्हाची खरी माहिती पॅकेजमध्ये घालून नियोजन काढायला सांगा आणि तुमच्या प्लॅनरांना शेजारी बसवा. ते आकडा कुठे खोडतात आणि का, हे लिहून घ्या. खोडलेल्या प्रत्येक आकड्यामागे यादीत न आलेली एक गरज असते.

ही चाचणी द्यायला विक्रेता तयार नसेल, तर आपला निर्णय झाला असं समजा. तो तयार असेल आणि आपल्याच व्यवस्थापनाला घाई असेल, तर दोष पॅकेजचा नाही. आपल्याकडे अशा अपयशाचं खापर शेवटी गोदामातल्या माणसावर फुटतं, "यांना नवीन शिकायलाच नको" म्हणून. सही करण्याआधी त्याला त्या चार आठवड्यांबद्दल विचारलं होतं का, हा प्रश्न घरी घेऊन जा.