दिसण्यापुरतं पिस्तूल

मागच्या खंडेनवमीला मामांच्या पाटावर विळा होता, खुरपं होतं, कोयता होता, ट्रॅक्टरच्या पान्ह्यांची पेटी होती आणि माझा लॅपटॉपही होता. सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. दरवर्षी मधोमध असायचं ते पिस्तूल मात्र नव्हतं. ते पोलीस ठाण्यात जमा आहे. रात्री जेवणं झाल्यावर मामांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "तू कॉम्प्युटरवाला ना, तेवढा परवान्याचा अर्ज भरून दे."

तो अर्ज मी अजून भरलेला नाही. का, ते सांगण्याआधी एक कबुली देतो : मला ते पिस्तूल आवडतं.

लहानपणी मामा ते वर्तमानपत्रावर उघडून पुसायचे. सरकारी कारखान्यातलं, पॉइंट बत्तीस बोअरचं. या बोअरची गोळी जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमच्या एका कारखान्यासाठी आखली. अशा पिस्तुलाच्या पोटातली युक्ती साधी आहे. गोळी सुटते तिच्या धक्क्यानेच वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा चढवते आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येताना पुढची गोळी आत नेते. मोटार नाही, बाहेरून ताकद नाही. एका कामातून उरलेल्या जोरावर पुढचं काम होतं. सहा वर्षं कोड लिहितोय, पण इतकं नेटकं फंक्शन माझ्या हातून उतरलेलं नाही.

गोळी मोठी असली की धक्काही मोठा. त्यासाठी ब्राउनिंगने नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकवून ठेवली आणि जोर ओसरल्यावर नळी खाली झुकून सुटेल अशी रचना केली. अमेरिकन सैन्याने ते पिस्तूल १९११ साली घेतलं आणि १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला. त्याचं अपुरं काम द्यूदोने सेव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये 'हाय पॉवर' आलं. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तेच आपल्या सैन्यासाठी बनू लागलं. १९८०च्या दशकातलं प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं ग्लॉक दिसायला अगदी वेगळं, पण आत झुकणारी नळी तीच. आमच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीचा कोड उघडायला माणसं घाबरतात. इथे शंभर वर्षांपूर्वीची कल्पना अजून रोज चालते आहे. त्यामुळे या डिझाइनला 'क्लासिक' म्हणणारे नुसतेच जुन्यात रमलेले नसतात. त्यांचं म्हणणं खरं आहे.

पण क्लासिक पुस्तक कपाटात ठेवून कळत नाही, वाचावं लागतं. पिस्तूल वाचायचं म्हणजे नेम धरायचा. पुण्यात एका रेंजवर मी एअर पिस्तूल चालवून पाहिलं. अंतर दहा मीटर, दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने धरायचं. लागलंच पाहिजे असं मनात आलं की नळी थरथरते. पहिल्या तासात मला कळलं ते एवढंच, की मी किती उतावळा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेम्बांगला पंचवीस मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ती कोणाला भीती दाखवत नव्हती. स्वतःचा हात स्थिर ठेवत होती.

मामांनी एकोणीस वर्षांत एकूण नऊ गोळ्या झाडल्या. त्यातल्या दोन एका वरातीत. २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग बाकीची सगळी वर्षं ते पिस्तूल काय करत होतं? मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "लेका, ते वाजवायचं नसतंय. दिसायचं असतंय."

आमच्या जिल्ह्यातल्या पिस्तुलाची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. ब्राउनिंगची सगळी अक्कल आतल्या यंत्रात आहे, आणि आपण वापरतो फक्त बाहेरचा आकार. बॅकएंड बंद, फ्रंटएंड चालू. तहसीलमध्ये खुर्चीवर बसताना शर्ट जरा वर सरकतो, एवढंच त्याचं काम.

या आकाराला आपल्याकडे मान मिळाला, त्यामागे इतिहास आहे. १८७८च्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी घातली. लंडनहून ब्राउनिंग पिस्तुलं लपवून आणली गेली आणि २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. औरंगाबादेत शिकत असलेला हा पोरगा १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्या कृत्याबद्दल कोणाचं मत काहीही असो. ते पिस्तूल शेवटच्या क्षणापर्यंत दिसू द्यायचं नव्हतं, आणि धरणाऱ्याने त्याची किंमत स्वतः मोजली. रीलमधलं पिस्तूल नेमकं उलटं आहे. ते सतत दिसतं, आणि त्याची किंमत समोरचा मोजतो.

९ डिसेंबर २०२४ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना मारहाण करत ठार मारलं गेलं. तिथे पिस्तूल चाललं नाही. तरीही त्यानंतर पिस्तूल नाचवणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले, जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचं समोर आलं आणि प्रशासनाने त्यातले अनेक रद्द केले. काहींना वाटलं, या दोन गोष्टींचा संबंध काय? संबंध चहाच्या टपरीवर आहे. कमरेला काही असलेला माणूस आला की बाकड्यावरची चार माणसं आवाज खाली घेतात. माझे वडीलही घेतात. एकही गोळी न सुटता गावातलं बोलणं बंद होतं, आणि बोलणं बंद झालेल्या गावात पुढचं सगळं सोपं जातं.

मामा गुंड नाहीत. "सगळ्यांकडं असताना आपण नुसतंच राहायचं का?" हा त्यांचा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. रात्री दोनला लाइट येते आणि उसाला पाणी द्यायला त्यांना एकट्याने जावं लागतं. पण तेव्हा त्यांच्या हातात बॅटरी आणि काठी असते. पिस्तूल कपाटात असतं. ते कमरेला लागतं फक्त तालुक्याला जाताना.

म्हणून 'शस्त्र कशासाठी हवं' या रकान्यापाशी मी थांबलो. 'आत्मसंरक्षण' लिहायला दोन सेकंद लागले असते. ते खरं नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. खरं कारण लिहायला त्या अर्जात जागा नाही.

मी म्हटलं, "मामा, एकदा पुण्याला या. रेंजवर दिवसभर नेम धरू, हौस फिटेल."

मामांनी विचारलं, "तिथं बघायला कोण असतंय?"

"कोणीच नाही."

"मग कशाला?" म्हणाले, आणि मोबाइल परत घेतला.