कारंज्याची लूट व जुन्या इंग्रजी शब्दांचे अर्थ

इ. स. १६७० च्या ऑक्टोबरांत दुसऱ्यांदा सुरत लुटून व वणी-दिंडोरीची लढाई मारून मराठी फौज वर्षअखेरीस वऱ्हाडांत उतरली आणि तिनें कारंजें लुटलें. हें कारंजें म्हणजे हल्लींच्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजें लाड. तेथील जैन भांडारांतल्या पोथ्यांमुळें आमच्या संग्राहक वाचकांस तें निराळ्या कारणानेंही परिचित आहे. चार हजार बैल व गाढवें भरून सुमारें कोटीचा ऐवज नेल्याची हकीकत यदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रांत आहे. ह्या काळाच्या इतिहासास इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांचा मोठा आधार आहे. १९३१ सालीं पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें त्यांचा संग्रह छापल्यापासून तीं पत्रें मराठींत उतरून घेणें सोपें झालें. आमची तक्रार ह्या उतरून घेण्याविषयीं आहे.

मोडी कागदांत एखादा फारसी शब्द अडला तर आमचे संशोधक चार कोश चाळतात, दहा कागद ताडून पाहतात. इंग्रजी पत्रापुढें मात्र तेच निःशंक असतात. कारण इंग्रजी ते शाळेंत शिकलेले असतात. पण शाळेंतली इंग्रजी निराळी, दुसऱ्या चार्लसच्या वेळची निराळी. ‘फॅक्टरी’ म्हणजे कारखाना हा प्रमाद आतां बराच मागें पडला आहे; तेथें ‘फॅक्टर’ म्हणजे गुमास्ता राहत असे, आणि आमच्या जुन्या कागदांनीं ‘वखार’ हा बिनचूक शब्द तेव्हांच योजिला होता. ‘रायटर’ हा ग्रंथकार नव्हे, कंपनीचा खालच्या पायरीचा कारकून. ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे विलायतेस पाठविण्याच्या मालाची खरेदी.

ह्यांहून घातक ते शब्द, जे वाचणाऱ्यास अडतच नाहींत. ‘प्रेझेंटली’ हा तेव्हां ‘ताबडतोब’ ह्या अर्थीं चाले. ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे, कोणतेंही धान्य. ‘कॅटल’ मध्यें घोडेही येत. तेथें ‘गुरें’ लिहिलें कीं लुटीचा हिशेब आणि घोडदळाचा अंदाज दोन्ही बिघडतात. कारंज्याचा मुख्य सावकार स्त्रीवेषानें निसटला असें सरकार सांगतात; अशा वेषास त्या काळचा इंग्रज ‘हॅबिट’ म्हणे, आणि सवयीशीं त्याचा कांहीं संबंध नसे. जातां जातां, ‘स्कार्लेट’ हें मूळचें तांबड्या रंगाचें नव्हे, उंची कापडाचें नांव. आमचा ‘सकलाद’ त्याच घराण्यांतला समजतात.

‘प्रिटेंड’ विषयीं मात्र थांबून बोललें पाहिजे. आज ह्या शब्दांत सोंग आहे. तेव्हां हक्क सांगणें, दावा मांडणें एवढाही अर्थ असे, मग तो दावा खरा असो वा खोटा. कारंज्याकडे जातांना वाटेंत मराठ्यांनीं गांवोगांवच्या अधिकाऱ्यांकडून चौथाईचे लेखी करार घेतले, असें सरकारच लिहितात. अशा मागणीच्या संदर्भांत हा शब्द आला असतां एक भाषांतरकार ‘ढोंग केलें’ म्हणेल, दुसरा ‘हक्क सांगितला’ म्हणेल. पहिल्याच्या लेखणीनें लुटारू दिसतो, दुसऱ्याच्या लेखणीनें राज्य. एवढा निकाल शाळेंतल्या अर्थावर सोपविणें आम्हांस मान्य नाहीं.

तारखांचीही तीच गत. १७५२ पूर्वीं इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून सुरतेची पहिली लूट, जी आपण जानेवारी १६६४ ची म्हणतों, ती त्यांच्या गणनेनें १६६३ ची. ‘जानेवारी १६७०’ एवढीच तारीख असलेलें इंग्रजी पत्र ऑक्टोबरच्या लुटीचा उल्लेख करूं लागलें, तर त्यास बनावट ठरविण्याची घाई नको. तें १६७१ चें आहे. शिवाय त्यांचें पंचांग दहा दिवस मागें. पोर्तुगीज पत्राशीं ताडतांना हे दहा दिवस विसरले, तर बातमी घटनेच्या आधीं पोंचते.

साधनें नाहींत असें नाहीं. ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ पासून आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश १९२८ सालीं पुरा झाला असून त्यांत प्रत्येक अर्थ केव्हांपासून केव्हांपर्यंत चालला तें अवतरणांसह दिलें आहे. ज्यास तेवढी सवड नसेल त्यानें संशयित मूळ शब्द निदान कंसांत तसाच ठेवावा.