मूळ संच आणि आकाशयान

नाटकाच्या जाहिरातींत ‘मूळ संचांत’ हे शब्द दिसले, कीं मराठी प्रेक्षक ज्या उत्सुकतेनें तिकिटाच्या खिडकीकडे वळतो, त्या उत्सुकतेचें मर्म तपासून पाहण्याजोगें आहे. जाहिरात देणारा ‘मूळ नायक’ म्हणत नाहीं, ‘मूळ नेपथ्य’ म्हणत नाहीं. तो ‘मूळ संच’ म्हणतो. नाटक तेंच, संवाद तेच, कथानकाचा शेवट तर सर्वांस ठाऊक. तरी पण चारसहा विशिष्ट माणसें एकमेकांसमोर उभीं राहिलीं म्हणजे त्यांच्यामध्यें जें कांहीं निर्माण होतें, तें पुन्हां अनुभवावें, अशी प्रेक्षकाची ओढ असते. हें सूत्र आपल्या रंगभूमीनें व्यवहारानेंच ओळखलें. परंतु त्याचा सर्वांत स्पष्ट पडताळा एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांत, मिळतो. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

विज्ञानमालिका म्हटली, कीं ती अद्भुत यंत्रें व परग्रहांवरील प्राणी यांच्या बळावर चालत असावी, असा सामान्य समज आहे. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचा इतिहास हा समज खोटा ठरवितो. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेंत एन. बी. सी. या वाहिनीवर सुरू झाली व ७९ भागांनंतर १९६९ च्या जून महिन्यांत बंद पडली. लोकप्रियतेच्या हिशेबांत तिला वरच्या ओळींत स्थान कधींच मिळालें नाहीं. तथापि १९६८ सालीं ती बंद होणार अशी वार्ता पसरतांच प्रेक्षकांनीं पत्रांचा असा वर्षाव केला, कीं मालिका चालूं राहणार असल्याची ग्वाही वाहिनीला पडद्यावरून द्यावी लागली. ती बंद पडल्यावरहि पुनःप्रक्षेपणांतून तिचा प्रेक्षकवर्ग वाढतच गेला, आणि १९७९ ते १९९१ या काळांत त्याच मूळ संचाचे सहा चित्रपट निघाले. आपल्याकडे दूरदर्शननें १९८० च्या दशकांत ही मालिका दाखविली, तेव्हां टोकदार कानांचा स्पॉक मराठी घरांतील मुलांच्याहि ओळखीचा झाला.

या निष्ठेचें कारण यंत्रांत शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. त्या आकाशयानाचें नेपथ्य आज पाहिलें, तर रंगविलेल्या फळ्या व लुकलुकणारे दिवे यांपलीकडे त्यांत फारसें कांहीं दिसत नाहीं. त्या काळीं नवल वाटलेलें मुठींत मावणारें संभाषणयंत्र आज बाजारांत मासळी विकणाऱ्या बाईच्या कमरेलाहि असतें. आपल्या साहित्यशास्त्रानें विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव मानिला आहे. परंतु ज्या कृतीला आठवड्यामागून आठवडे प्रेक्षकासमोर यावयाचें आहे, तिची अडचण याच ठिकाणीं आहे. विस्मय पुनरुक्तीनें झिजतो. दहाव्या ग्रहावरील दहावा राक्षस पाहतांना कोणाच्या अंगावर कांटा येत नाहीं. स्नेह मात्र पुनरुक्तीनें वाढतो. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या विज्ञानकथेला अद्भुताच्या खालीं दुसरा एखादा टिकाऊ भाव अंथरावा लागतो, आणि तो तिला तिच्या पात्रसंचांतून मिळतो.

हा संच कसें कार्य करितो, तें आतां पाहूं. ‘स्टार ट्रेक’ मधील तीन प्रमुख पात्रें घ्यावीं: विल्यम शॅटनर यांनीं रंगविलेला कप्तान कर्क, लेनर्ड निमॉय यांचा स्पॉक, आणि डीफॉरेस्ट केली यांचा डॉक्टर मकॉय. स्पॉक हा तर्काला बांधलेला आहे, मकॉय माणुसकीच्या कळवळ्यानें चटकन् तापणारा, आणि निर्णयाचें ओझें कर्कच्या शिरावर. एखाद्या ग्रहावर संकट उभें राहिलें, म्हणजे प्रश्न जरी एक असला तरी त्याला तीन तोंडें फुटतात. जो वाद लेखकाला एरवीं पानभर विवेचन करून मांडावा लागला असता, तो तीन परिचित स्वभावांच्या बोलाचालींतून आपोआप मांडला जातो. प्रेक्षकाला यांत एक दुहेरी सुख असतें. स्पॉक आतां काय म्हणेल, याचा त्याला अंदाज असतो, आणि तो अंदाज खरा ठरला तरी आनंद होतो व चुकला तरी होतो. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या गोष्टी वाचतांना गुंड्याभाऊ शिरला, कीं आपण सावरून बसतों, तें याच कारणानें. मुंबई दूरदर्शनवर १९७७ च्या सुमारास दिलीप प्रभावळकर यांनीं चिमणराव व बाळ कर्वे यांनीं गुंड्याभाऊ उभा केला, तेव्हां प्रेक्षकांनीं त्या दोघांना जोडीनेंच मनांत ठेविलें. चिमणरावाचा भित्रेपणा गुंड्याभाऊच्या धिटाईवांचून अर्धाच दिसतो. आकाशयानांत असो कीं वाड्याच्या ओसरीवर असो, स्वभावाला उठाव येतो तो शेजारच्या स्वभावामुळें.

विज्ञानकथेच्या बाबतींत मात्र या संचाला आणखी एक समर्थन आहे, व तें कलेइतकेंच सत्याशीं निगडित आहे. विज्ञान हें अनेकांच्या हातांनीं चालणारें कार्य आहे. जुन्या कादंबऱ्यांतून प्रयोगशाळेंत एकटाच कोंडून घेतलेला विक्षिप्त शास्त्रज्ञ आपण फार पाहिला. प्रत्यक्षांत तसें क्वचित् घडतें. ज्या वर्षीं ‘स्टार ट्रेक’ बंद पडली, त्याच वर्षीं, २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं, तारापूर येथील भारताच्या पहिल्या अणुविद्युत् केंद्रानें व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास आरंभ केला. त्या केंद्राच्या शेजारीं समुद्रकांठीं घिवली हें गांव आहे. या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला अणुविज्ञान पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तें त्याला पाळी बदलतांना ये-जा करणाऱ्या माणसांच्या रूपानें दिसतें. नियंत्रणकक्षांत बसणारा, पंपाची देखभाल करणारा, किरणोत्साराची मोजणी ठेवणारा, प्रत्येकाचें काम वेगळें आणि प्रत्येकाचा भरंवसा दुसऱ्यावर. याच किनाऱ्यावरून होड्याहि सुटतात. होडीवर तांडेल असतो, खलाशी असतात. वारा, पाणी व जाळें यांविषयीं प्रत्येकाला आपआपलें ठाऊक असतें. आणि किनारा दिसेनासा झाल्यावर त्या मूठभर माणसांना एकमेकांवांचून दुसरा आधार नसतो. आकाशयान ही कल्पना घिवलीच्या माणसाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. तें एक दूर गेलेलें गलबतच आहे. अनंत आकाशांत सांपडलेल्या त्या माणसांवर प्रेक्षक जीव लावतो, याचें कारण सहकार्याशिवाय तेथें मरण आहे, हें त्याला कोणी न सांगतां समजतें.

याच्या उलट केवळ एका तेजस्वी नायकावर विसंबणाऱ्या कृतीचें काय होतें? आपल्या रंगभूमीच्या इतिहासांत याला एक मोठें उदाहरण आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेला ‘संयुक्त मानापमान’ चा प्रयोग मराठी माणूस अजून विसरलेला नाहीं. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, अशीं दोन ज्योतिर्मंडळें त्या रात्रीं एकत्र आलीं. तो प्रयोग अलौकिकच होता. पण त्याचें अलौकिकत्व त्याच्या दुर्मिळतेंत होतें. अशा तेजावर एक रात्र उजळते, त्यावर वर्षानुवर्षांचा संसार चालत नाहीं. १९९८ सालीं दूरदर्शनवर आलेली केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ ही हिंदी विज्ञानमालिका या दृष्टीनें विचारांत घेण्यासारखी आहे. मिलिंद सोमण यांच्यासारखा देखणा नायक, तुरुंगांतून निसटलेल्या भयंकर गुन्हेगारांचा आकाशांत पाठलाग, आणि त्या काळच्या मानानें मोठें धाडस असलेली दृश्ययोजना, हें सर्व तिच्यांत होतें. नायकाला सहकारीहि होते. परंतु मालिकेच्या नांवापासूनच सर्व प्रकाश एका माणसावर पडलेला होता, आणि कथेची गति नव्या खलपुरुषाच्या आगमनावर अवलंबून होती. ज्यांनीं ती बाळपणीं पाहिली, त्यांना व्योम आठवतो. त्याच्या सोबत्यांचे आपसांतील वाद, रुसवे व समेट मात्र फारसे आठवत नाहींत, कारण त्यांना तेवढी जागाच दिली गेली नव्हती.

येथें एक आक्षेप संभवतो. संच म्हणजे जर तींच तीं माणसें, तर माणूस बदलतांच निष्ठा संपावयास हवी. पण तसें होत नाहीं. इंग्लंडांत १९६३ पासून चालत आलेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेंत १९६६ सालीं विल्यम हार्टनेल यांच्या जागीं पॅट्रिक ट्राउटन नायक म्हणून आले, आणि ही अदलाबदल कथेंतच सामावून घेतली गेली. आपल्या किर्लोस्कर मंडळीचें उदाहरण तर याहून जुनें आहे. १८८५ सालीं अण्णासाहेब गेले, १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर गेले, तरी मंडळी चालली व तिला पुढें बालगंधर्व लाभले. १९१३ सालीं बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हांहि रसिकांनीं नाटकाकडे पाठ फिरविली नाहीं. या आक्षेपाचें उत्तर असें, कीं प्रेक्षक व्यक्तींबरोबरच त्यांच्यामधील नात्यांच्या मांडणीवरहि प्रेम करीत असतो. घरांत नवी सून आली म्हणजे घर मोडत नाहीं; मात्र ती ज्या जागीं आली, त्या जागेचा मान तिला मिळाला पाहिजे आणि तिनेंहि तो राखला पाहिजे.

‘स्टार ट्रेक’ ची दुसरी मालिका १९८७ ते १९९४ पर्यंत सात वर्षें चालली, ती सर्वस्वीं नव्या संचावर. तिच्या आरंभीं जुन्या प्रेक्षकांनीं नाकें मुरडलीं. परंतु पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांनीं रंगविलेला गंभीर, अलिप्त कप्तान पिकार्ड व त्याचे सहकारी यांची वीण हळूहळू घट्ट होत गेली. यानावरील अधिकारी फुरसतीच्या वेळीं पत्ते खेळावयास बसत. कप्तान त्यांत कधीं बसला नाहीं. अखेरच्या भागाच्या शेवटच्या प्रसंगांत तो प्रथमच त्या मेजाशीं येऊन बसतो. यंत्रांचा वा परग्रहांचा यांत कांहीं संबंध नाहीं, स्फोट नाहीं कीं युद्ध नाहीं. एक माणूस आपल्या माणसांत येऊन बसतो, एवढेंच. पण सात वर्षें ज्यानें त्यांची सोबत केली, त्या प्रेक्षकाला या साध्या प्रसंगाचें मोल सांगावें लागत नाहीं. संचाची शक्ति म्हणतात ती ही. ती एका भागांत निर्माण करितां येत नाहीं, सांठवावी लागते.

या पद्धतीचे दोषहि सांगितले पाहिजेत. पहिला दोष विषम वांटणीचा. मूळ मालिकेंत निशेल निकल्स यांची उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी यानाच्या मध्यवर्ती कक्षांत बसलेली दाखविली, ही १९६६ सालीं मोठी गोष्ट होती. पण कित्येक भागांत तिला संदेश पोंचविण्यापलीकडे काम नव्हतें. पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याचा विचार आपण केला होता, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून राहिलों, असें त्या पुढें सांगत. संच म्हणावयाचा आणि तिघांनींच बोलावयाचें, ही अर्धवट उदारता होय. दुसरा दोष अधिक खोल आहे. प्रेक्षकाचा जीव जडला, कीं लेखकाचें धैर्य खचतें. १९८२ च्या चित्रपटांत स्पॉकनें सहकाऱ्यांसाठीं प्राण दिला. तो प्रसंग त्या सबंध मालेंतील सर्वांत उदात्त म्हणावा असा आहे; पण १९८४ च्या चित्रपटांत त्याला परत आणावें लागलें. रसिक सुखावले, मात्र त्या मरणाचें गांभीर्य कायमचें उणावलें. निष्ठा ही कलावंताला मिळालेली ठेव आहे. ती मोडण्याचें भय बाळगून तो लिहूं लागला, म्हणजे तिचेंच कर्ज होतें.

आतां आपल्याकडे वळूं. मराठी विज्ञानकथेला बुद्धीची वाण कधींच नव्हती. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेंत जयंत नारळीकर यांनीं टोपण नांवानें पाठविलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, आणि तेथून या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा लाभली. २० मे २०२५ रोजीं नारळीकर निवर्तले, तोंपर्यंत त्यांनीं विज्ञानाची गोडी घरोघरीं पोंचविली होती. परंतु आपली ही परंपरा मुख्यत्वें लघुकथेची आहे. लघुकथेंत कल्पना राणी असते व पात्रें तिच्या सेवेंत असतात. कल्पनेचा उलगडा झाला, कीं पात्रांना निरोप मिळतो. त्या प्रकारांत तें योग्यहि आहे. पण त्यामुळें वाचकाला ज्यांच्याकडे पुन्हां पुन्हां परतावेंसें वाटेल, असें एखादें मराठी विज्ञानकुटुंब निर्माण झालें नाहीं. आपली दूरचित्रवाणी तर सासू, सून आणि वाडा यांच्या संचांत रात्रीमागून रात्री रमलेली असते. संच बांधण्याची कला तिला येत नाहीं असें कसें म्हणावें? ती तिला पुरेपूर येते. फक्त ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर नेण्याची छाती तिनें अद्याप केलेली नाहीं.

यासाठीं परदेशी आकाशयानाची नक्कल करण्याची गरज नाहीं. तारापूरसारख्या केंद्रांतील एक पाळी घ्यावी. तींत कोल्हापूरचा एक अभियंता, केरळची एक रसायनज्ञ, घिवलीच्या कोळीवाड्यांतून शिकून वर आलेला एक तंत्रज्ञ आणि निवृत्तीला टेंकलेला एक पर्यवेक्षक असावा. त्यांना एक अज्ञात प्रश्न द्यावा, आणि त्यांचीं भांडणें व त्यांचा भरंवसा प्रामाणिकपणें रंगवावा. विस्मय पहिल्या दिवशीं प्रेक्षकाला आणील. त्याला शंभराव्या दिवसापर्यंत धरून ठेवण्याचें काम हीं चार माणसें करतील. नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडांत जी गोष्ट आपण शतकापूर्वीं शिकलों, ती तारांगणांत नेण्यास आपणांस कोणाचीहि परवानगी लागणार नाहीं.