नवरीची हळद आणि नवरीचे पॅकेज

विषय ऐकून काहींना हसू आले असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्याने फेशियलवर बोलावे, हे जरा विनोदीच. पण काल्हेरला बोलायचे ठरले तेव्हा आम्ही ठाण्याहून भिवंडीच्या रस्त्याने, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने आलो. गोदामांच्या पाट्या संपता संपेनात, आणि त्यांच्या मधूनमधून पार्लरच्या पाट्या. एका काचेवर नवरीच्या पॅकेजचा तक्ता लावला होता. रिक्षा थांबवून आम्ही तो वाचला, अगदी एखादा ग्रंथ वाचावा तसा. आज जे बोलणार आहोत ती त्या तक्त्याची समीक्षा समजा.

तीन महिने आधी काय करायचे, एक महिना आधी काय, शेवटच्या आठवड्यात काय, असा तो तक्ता. डी-टॅन, ब्लीच, पील, वॅक्सिंग, बॉडी पॉलिशिंग. यातली क्रियापदे मराठीत आणून बघा: रापलेपण काढणे, रंग उडवणे, साल काढणे, केस उपटणे, घासणे. सगळी वजाबाकी. मुलीच्या अंगावर काहीतरी नको ते साचले आहे आणि मुहूर्ताच्या आत ते घालवायचे आहे, हे गृहीत धरूनच तक्ता सुरू होतो. तिला अजून कोणी पाहिलेलेही नसते. निदान आधी, तपासणी नंतर.

आता याच खाडीकाठची हळद आठवा. बायका जमतात, घाणा भरतात, गाणी म्हणतात. आगरी लग्नात धवलारीण असते, तिच्या धवल्यांशिवाय विधी पुढे सरकत नाही. मराठीत या धवळ्यांची परंपरा केवढी जुनी! महानुभावांची महदाइसा 13व्या शतकात धवळे गाते, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचेच नाव घेतो. म्हणजे लग्नाचे गाणे हे आमच्या वाङ्मयाच्या उंबरठ्यावरच उभे आहे. असो, मुद्दा हळदीचा. हळदीने माखलेला चेहरा काही देखणा दिसत नाही, खरे सांगायचे तर. काळी पोर, गोरी पोर, सगळ्या सारख्याच पिवळ्या. नवरदेवही पिवळा. ज्याच्या त्याच्या कपड्यांवर डाग. इथली एक म्हातारी आम्हाला म्हणाली होती, "हलद लागली म्हंजे पोर नवरी झाली." या वाक्यात दिसण्याबद्दल एक शब्द नाही. हळद तिला सुंदर करत नाही, नवरी करते. आणि त्यासाठी तिच्यात आधी काही कमी होते असे कोणी म्हणत नाही.

हळदीचे गोडवे गाऊन आम्ही मोकळे होणार नाही. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला, हा क्रम काय सांगतो ते कळायला तत्त्वज्ञान लागत नाही. विधवेला त्या हळदीपासून लांब बसवत आलो, तेही आपणच. काळ्या मुलीचे लग्न जमताना घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडत, त्या पार्लर येण्याच्या कितीतरी आधीपासून. पार्लरने हा रोग आणलेला नाही. त्याने रोगाचे दर लावले, एवढेच. शिवाय ते पार्लर चालवणारी बाई स्वतःच्या कमाईवर घर उभे करते. ज्या रस्त्यावर गाळे, गोदामे, ट्रक सगळे पुरुषांच्या नावावर, तिथे हे एक दुकान बाईचे असते. त्याला नाके मुरडणारे व्याख्यान आम्ही देणार नाही.

प्लेटोने मात्र नाक मुरडले आहे. 'गॉर्गियस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, शरीराची खरी काळजी घेणाऱ्या दोन विद्या आहेत, व्यायाम आणि वैद्यक. त्यांची सोंगे घेणाऱ्याही दोन. वैद्यकाचे सोंग पाककला घेते, व्यायामाचे सोंग प्रसाधन. व्यायामाने जे तेज यावे ते रंगरंगोटीने आणल्याचा भास, म्हणजे खुशामत. आम्ही कित्येक वर्षे वर्गात हे शिकवले आणि कित्येक वर्षे आम्हाला ते पटतही होते. आता पटत नाही. नटणे म्हणजे खोटेपणा, हे प्लेटोचे म्हणणे पुरुषी आहे आणि उथळही. आपल्याकडे 'अलंकार' शब्दात 'अलम्' आहे, म्हणजे पुरेसे. आनंद कुमारस्वामींनी याच धाग्याने मांडले की अलंकार हा वरून चिकटवलेला जादा भाग नव्हे, त्याने वस्तू आपल्या कामाला पुरती होते. नवरीचा हिरवा चुडा असा आहे. मेंदी अशी आहे. चांगला मेकअपही असा असू शकतो. आमची तक्रार सजवण्याबद्दल नाही. सजवण्याच्या नावाखाली जी दुरुस्ती चालते, तिच्याबद्दल आहे.

डी-टॅनच घ्या. या गावच्या आज्या भातलावणीला वाकल्या, मिठागरात राबल्या. त्यांच्या कातडीवरचे ऊन म्हणजे त्यांच्या कामाची नोंद होती. त्यांची नात ठाण्याला नोकरीला जाते, स्कूटरवर तिलाही ऊन लागते. ते ऊन पुसून काढायचे, म्हणजे मुलगी कधी कामाला बाहेर पडलीच नाही असे मांडवात दाखवायचे. हे कोणासाठी?

शब्द बदलतात, हिशेब तोच राहतो. भारतात 1975 मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये आपल्या नावातले 'फेअर' काढून तिथे 'ग्लो' घातले. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळे शोधण्याची सोय काढली. चांगले झाले. पण 'गोरी' म्हणायची लाज वाटू लागली तेव्हा 'उजळ' आले, आणि आता 'ग्लो'. त्या काचेवरच्या तक्त्यात गोरी हा शब्द कुठेही नव्हता. गरजच नव्हती.

इथे आम्हाला स्वतःबद्दल सांगणे भाग आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीने लग्नाआधी दोन महिने कोणीतरी दिलेले, नाव-गाव नसलेले डबीतले क्रीम लावले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आम्ही तिला म्हणालो, "छान दिसतेस गं, तेज आलंय." क्रीम संपले तसा चेहरा लाल झाला, जळजळ, पुरळ. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, त्यात स्टिरॉइड असणार. ते थांबवले की त्वचा उलटते, म्हणून मुली थांबवत नाहीत. लग्नात तिने तो चेहरा जाड मेकअपखाली झाकला. सरकारने 2018 मध्ये अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली, पण बिननावाच्या डबीला कसली चिठ्ठी! आमचे ते "तेज आलंय" मात्र तिच्या लक्षात राहिले. पुढे तिनेच आम्हाला ते ऐकवले.

पाऱ्याची गोष्ट याहून वाईट. त्वचेत रंग तयार होण्याची प्रक्रिया पारा अडवतो, म्हणून रंग फिकट पडतो. तोच पारा त्वचेतून शिरून मूत्रपिंडापर्यंत जातो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. तरुण मुलीने स्थानिक ब्युटीशियनकडून क्रीम आणले, ते आईने आणि बहिणीनेही वापरले, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तो त्या क्रीममधल्या पाऱ्याचा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही 2021 ते 2023 या काळातले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण नोंदवले. त्यातले 15 एका विशिष्ट प्रकारचे होते, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरे करणारी क्रीमे वापरत होते. सॉक्रेटिसने प्रसाधनाला वैद्यकाचे सोंग म्हटले नव्हते, व्यायामाचे म्हटले होते. आज ते वैद्यकाचेही सोंग घेते. पील, ड्रिप, ट्रीटमेंट, सगळी भाषा दवाखान्याची, आणि डबीवर मात्र आत काय आहे ते लिहिलेले नाही.

व्याख्यान इथेच थांबवले होते. प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारले, "सर, माझ्या पोरीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. मग तिला पार्लरला पाठवू नको का?"

आम्ही म्हणालो, पाठवा की. तिला आवडत असेल तर तुम्हीही जा सोबत. डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि घटक नसतील तर ती परत करा, कितीही ओळखीच्या बाईने दिलेली असो. लग्नाच्या तोंडावर चेहऱ्यावर नवीन काहीही लावू देऊ नका. पंधरा दिवसांत रंग बदलला तर कौतुक करू नका, डॉक्टरला दाखवा.

ताई बसल्या, आणि पुन्हा उठल्या. "आणि सासरच्यांनी रंगावरून काही म्हटलं तर?" सभागृहात कोणी हसले नाही. आम्ही त्यांना विचारले, आत्तापर्यंत कोणी म्हटलंय का? त्या म्हणाल्या, "नाही. मीच म्हणते रोज."