बिऱ्हाडाचा जमाखर्च

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाचा लाडका वाङ्मयप्रकार आहे. दिवाळी अंकाच्या ताटात तर तो करंजीसारखा हटकून असतोच. आल्प्सवरचे बर्फ, पॅरिसचे रस्ते, लंडनचे धुके यांचे आपल्याकडे इतके वर्णन झाले आहे की घराबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसालाही ही स्थळे ओळखीची वाटतात. परंतु या साऱ्या लेखनाला एक साधा प्रश्न विचारावा, आणि बहुतेक वेळा निरुत्तर व्हावे. तो प्रश्न असा: तिथे राहायला महिन्याला किती पडते?

प्रश्न अरसिक आहे असे कोणी म्हणेल. वाङ्मयाच्या चर्चेत भाज्यांचे भाव कशाला, असेही कोणी विचारील. पण घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशी निघाली म्हणजे आजी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारते, आणि तो विचारताना तिच्या मनात पैशापेक्षा पुष्कळ अधिक काही असते. तिला विचारायचे असते की पोराला पोटभर मिळेल ना, थंडीत खोली उबदार असेल ना, अडीनडीला हाताशी चार पैसे उरतील ना. माणसाच्या मनातले जे काही या प्रश्नात भरले आहे, त्याला वाङ्मयात स्थान नसेल तर ती उणीव वाङ्मयाची आहे, आजीची नव्हे.

मुळात परदेशाविषयी लिहिणारे दोन प्रकारचे असतात. एक पाहुणा आणि दुसरा बिऱ्हाडकरू. पाहुण्याचा खर्च ठरलेला असतो. त्याचे परतीचे तिकीट खिशात असते. पैसा त्याला एखाद्या गमतीच्या प्रसंगापुरता भेटतो. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आली आणि मराठी माणसाला विलायत घरबसल्या हसतखेळत दिसली. तिचे यश पाहुण्याच्या नजरेचे यश आहे, आणि ते लहान नाही. पण बिऱ्हाडकरूची गोष्ट वेगळी. त्याला खोली शोधायची असते, अनामत भरायची असते, पहिल्या महिन्यात भांडी, पांघरुणे आणि थंडीचा कोट घ्यायचा असतो. पाहुणा देश पाहतो. बिऱ्हाडकरूला तो देश परवडवून घ्यावा लागतो. आपल्या भाषेत पाहुण्याचे वाङ्मय उदंड आहे. बिऱ्हाडकरूचे फार थोडे.

एकोणिसाव्या शतकात तसे सांगण्याजोगे पुष्कळ घडले होते. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयाने त्यांना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. तिथल्या हिवाळ्यात नऊवारी लुगडे पुरेना, म्हणून त्या गुजराथी पद्धतीने साडी नेसू लागल्या. नव्या देशात राहण्याची किंमत नेहमी नाण्यांतच मोजावी लागते असे नाही, हे या एका बदलावरून कळते. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली अमेरिकेत गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळच्या मराठीत एवढ्या डोळस नजरेने परदेशाकडे पाहणारे दुसरे पुस्तक सापडणे कठीण. तिथली राज्यव्यवस्था, घरे, शाळा, स्त्रियांची स्थिती यांचा त्यांनी जणू ताळेबंदच मांडला. पण तो ताळेबंद एका राष्ट्राचा आहे. लेखिकेच्या स्वतःच्या संसाराची वही हा त्या पुस्तकाचा विषय नाही, आणि बाईंचे ध्येय पाहता तो असावा असा हट्ट धरणेही योग्य नव्हे.

मग बिऱ्हाडाचा जमाखर्च वाङ्मयाच्या दर्जाला पोहोचलेला पाहायचा कुठे? या प्रश्नाचे माझे उत्तर महात्मा गांधींच्या आत्मकथेतील लंडनची प्रकरणे हे आहे. १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’मधून क्रमशः आलेली ही आत्मकथा आपण सत्य आणि अहिंसा यांच्यासाठी वाचतो. परंतु १८८८ ते १८९१ या तीन वर्षांची ती काही पाने परक्या शहरात नव्याने राहायला गेलेल्या एका तरुणाच्या खर्चाची कहाणी म्हणून वाचून पाहावीत. त्यांचा रंगच बदलतो.

कहाणीची सुरुवातच पैशाने होते. मावजी दवे हे कुटुंबाचे स्नेही. त्यांनी अंदाज दिला की बॅरिस्टर होऊन यायला चार-पाच हजार रुपयांहून अधिक लागणार नाहीत. विलायतेला जाणाऱ्याला असा अंदाज देणारा कोणी ना कोणी नेहमीच भेटतो. पैसा उभा करताना तरुण मोहनदासांच्या मनात पत्नीचे दागिने येतात. त्यांचे दोन-तीन हजार यावेत असा हिशेब असतो. शेवटी थोरले भाऊ पैशाची जबाबदारी घेतात. मुंबईत जात आडवी येते. याला मदत करील किंवा निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असे जातीचे शेटजी जाहीर करतात. कादंबरीकाराने कल्पनेने रचावा असा हा आकडा. पण तो खरा आहे. पुढे त्याला दुसऱ्या एका सव्वाची जोड मिळते, ती कशी ते पाहू.

लंडनला उतरल्यावर व्हिक्टोरिया हॉटेलचे बिल आले, तीन पौंड. एवढे देऊनही पोट रिकामेच. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवावा, तर पैसे दोन्हींचे. प्रत्यक्षात दिवस निघाले ते मुंबईहून नेलेल्या खाऊवर. परदेशी गेलेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या बॅगेतल्या चिवड्याला आणि मेतकुटाला याहून थोर पूर्वज कोणता मिळणार!

पुढे एका विधवा बाईच्या घरी राहण्याजेवण्याची सोय झाली. पण पोटात आग. वाढले त्याहून आणखी मागायची लाज. घरमालकिणीच्या दोन मुली कधी एखाददुसरा तुकडा ताटात जास्त वाढत. त्यांना काय ठाऊक, की याला अख्खा पाव लागला असता! या प्रसंगाला पानभर जागाही दिलेली नाही. पण परक्या घरात पैसे मोजून राहणाऱ्या माणसाची भूक आणि संकोच यांचे इतके नेमके चित्र मोठमोठ्या वर्णनांत मिळत नाही.

मग येतो सभ्य होण्याचा ध्यास. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी, बाँड स्ट्रीटवर शिवलेला दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख, नाचाच्या शिकवणीचे तीन पौंड, व्हायोलिनचे तीन पौंड. हे वेड सुमारे तीन महिने टिकले. नवख्या माणसाचे पहिले पैसे पोटापेक्षा भिडेवर अधिक जातात, हा अनुभव सर्व काळांचा आहे. त्या शहरात आपण परके दिसू नये यासाठी तो जे मोजतो, ते त्या शहराने त्याच्यावर बसवलेले अदृश्य भाडेच होय.

आणि यानंतर वही उघडते. बसचे भाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्राची नाणी, सारे लिहून रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवायची. कुटुंबात राहण्याचा खर्च कुठे वाहून जातो, हेही त्यांनी अचूक हेरले. आठवड्याचे बिल तर द्यायचेच. शिवाय घरच्या मंडळींना कधी जेवायला न्यायचे. आणि बाहेर जेवले तरी घरचे बिल कमी होत नाही. म्हणून स्वतंत्र खोल्या घेतल्या, त्या कामाच्या जागेपासून अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर. भाडे वाचले आणि रोज आठदहा मैल चालणेही झाले. पुढे दोन खोल्यांची एक झाली. शेगडी आली. सकाळी लापशी आणि कोको घरी, दुपारचे जेवण बाहेर, रात्री पाव आणि कोको. असा दिवस एक शिलिंग तीन पेन्सांत, म्हणजे सव्वा शिलिंगात निघू लागला. ज्याला निरोप देण्याचा दंड सव्वा रुपया होता, तो लंडनमध्ये सव्वा शिलिंगात उभा राहिला.

वाचकाने इथे पेन्सिल हाती घ्यावी. सव्वा शिलिंग म्हणजे पंधरा पेन्स. या दराने एकोणीस शिलिंगांची ती टोपी पंधरा दिवसांचे अन्न होते. हॉटेलचे बिल अठ्ठेचाळीस दिवसांचे. आणि दहा पौंडांचा पोशाख एकशेसाठ दिवसांचे, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक. लेखकाने हा भागाकार करून दाखवलेला नाही. आकडे पानोपानी ठेवून तो पुढे जातो. एका तरुणाचे मन कसे पालटले हे सांगायला त्याला विशेषणांची गरज पडत नाही; शिलिंग आणि पेन्स पुरतात. हिशेबाला वाङ्मयाचे मोल येते ते असे.

या अनुभवातून पुढे १८९३-९४च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी लंडनला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिकाही लिहिली. आठवड्याला एका पौंडात कसे राहावे, हे तिचे सूत्र. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही; १९५८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आली. मार्गदर्शिका उपयोगी आहे, पण तिच्यात लाज नाही, भूक नाही, पावाचा जादा तुकडा नाही. तोच माणूस, तेच शहर, तेच आकडे. तरी एक माहिती झाली आणि दुसरे साहित्य. आकड्यामागचा माणूस दिसला तरच आकडा मनात राहतो.

तथापि या प्रकरणांची स्तुती करताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा हिशेब सुमारे पस्तीस वर्षांनंतर एका व्रतस्थ पुरुषाने सांगितलेला आहे. त्यामुळे प्रत्येक काटकसर त्यागाच्या दिशेने जाते आणि अखेर शोभून दिसते. काटकसरीतला कंटाळा, आजारपणाची भीती, महिनाअखेरची चिडचिड यांना तिथे फार जागा उरत नाही. शिवाय हा एकट्या माणसाचा हिशेब आहे. राजकोटात मागे राहिलेल्या तरुण पत्नीचा आणि पैसे पाठवणाऱ्या भावाचा रकाना या वहीत नाही. भावाच्या ओढीचा उल्लेख आहे, कुटुंबाच्या ऐपतीची जाणीव आहे. पण बेरीज नाही. परदेशातल्या बिऱ्हाडाची अर्धी वही नेहमी मायदेशी लिहिली जाते, आणि ती लिहिणारे हात आत्मचरित्र लिहीत नाहीत.

आज ही दोन्ही पाने हवी आहेत. मराठी घरांतून शिकायला आणि नोकरीला बाहेर जाणारी मुले आता अपवाद राहिलेली नाहीत. त्यांच्या वाटेवर आकडे तर ढीगभर आहेत. जर्मनीचे उदाहरण घ्या. तिथे शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवायची, आणि ती दरमहा ठरावीक हप्त्याने काढायची. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. म्हणजे महिन्याला ९९२. खोलीचे भाडे तिथे दोन नावांनी सांगतात. ‘थंड भाडे’ म्हणजे नुसत्या जागेचे. ‘ऊबदार भाडे’ म्हणजे तापवणीसकट. जाहिरातीतला आकडा थंड असेल तर नवखा फसतो. अनामत म्हणून थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत रक्कम मागता येते. रेडिओ-दूरदर्शनची वर्गणी घरटी द्यावी लागते, घरात यंत्र असो वा नसो. २०२१ साली ती महिन्याला १८.३६ युरो झाली. पाण्याच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते. ती रिकामी बाटली परत केली की मिळते, आणि महिनाअखेर कोपऱ्यात साठलेल्या बाटल्यांना भाव येतो.

थंड भाडे, ऊबदार भाडे! एखाद्या कथाकाराने हे दोन शब्द ऐकून स्वस्थ बसावे याचे नवल वाटते. पहिल्या महिन्यात चहाच्या प्रत्येक पेल्याला मनातल्या मनात रुपयांनी गुणणारा मुलगा, आणि एके दिवशी तो गुणाकार आपोआप थांबल्याचे त्याला कळते तो क्षण, ही तर कथाच आहे. त्या क्षणी तो त्या देशात खरा राहायला लागतो. आणि कदाचित त्याच क्षणी इथे आईबापांचा गुणाकार एकाकी पडतो.

पण आपल्याकडे पैशाविषयी बोलण्याची भीड मोठी. मुलगा फोनवर सांगतो, काळजी करू नका, सगळे ठीक आहे. घरून वडील सांगतात, तू पैशाचा विचार करू नकोस, आम्ही बघतो. दोन्हीकडून माया खरी आणि माहिती अपुरी. मुलगा एका वेळचे जेवण टाळून दिवस काढत असतो. इकडे कर्जाचा हप्ता भरताना दुरुस्तीचे काम पुढे ढकलले जाते. छायाचित्रात मात्र बर्फ दिसते. पाहुण्याच्या वाङ्मयाने आपल्याला बर्फ पाहायला शिकवले. त्या बर्फात खोली तापवायला काय पडते हे विचारायला शिकवले नाही. हा दोष त्या लेखकांचा नाही. त्यांनी जे पाहिले ते चांगले सांगितले. बिऱ्हाड केलेल्यांनी लिहायचे राहून गेले, आणि आम्ही समीक्षकांनीही ते कधी मागितले नाही.

ते आता मागावे. बिऱ्हाडकरू लेखकाने आकडे लपवू नयेत, आणि ते मिरवूही नयेत. हलाखीचे प्रदर्शन हा श्रीमंतीच्या प्रदर्शनाचाच धाकटा भाऊ आहे. कुठे चुकलो, कुठे वाचवले, कोणी आडपडदा न ठेवता वाट दाखवली, हे किमतीसकट सांगावे. कोणी जादा तुकडा वाढला असेल तर तोही जमेच्या बाजूला लिहावा. आणि इथल्या एखाद्या आईने किंवा थोरल्या भावाने दुसरी अर्धी वही लिहावी: कोणती बांगडी मोडली, कोणता बेत रहित केला, आणि तरीही पोराला कधी काय कळू दिले नाही. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचता आली तर परदेशातील जीवनाचे पहिले पुरे चित्र मराठीत उभे राहील.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे नवी वही पूजतात आणि पहिल्या पानावर श्री लिहितात. दुसऱ्या पानापासून खरे आकडे लिहायचे असतात. तिथपर्यंत आपल्या लेखकांनी जावे.