आकृती, अँटेना आणि देहऊर्जा : ‘पिरॅमिडशक्ती’च्या युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

पिरॅमिड, मंदिराचे शिखर, कळस हे प्राचीन आकार म्हणजे अवकाशातील ऊर्जा ग्रहण करणारे अँटेना होत आणि त्यांच्या सान्निध्यात मानवी देहातील ऊर्जाप्रवाह संतुलित होतो, असे प्रतिपादन वास्तुविषयक लोकप्रिय पुस्तकांतून दीर्घकाळ केले जात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भारतीय ज्ञानप्रणालीला उच्च शिक्षणात स्थान दिले. त्यामुळे हे प्रतिपादन ‘प्राचीन विज्ञान’ या नावाने वर्गात येण्याची शक्यता वाढली आहे. म्हणूनच त्याची उपेक्षा किंवा उपहास न करता त्यातील युक्तिवाद तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या विचाराचा उगम, त्याचा भौतिकशास्त्रीय आधार आणि वास्तुपरंपरेशी त्याचे नाते या तीन अंगांनी विचार केला आहे.

विचाराची वंशावळ

या विचाराची मुळे प्राचीन इजिप्तमध्ये नाहीत आणि शिल्पशास्त्राच्या ग्रंथांतही नाहीत. ती विसाव्या शतकातील युरोपात आहेत. १९३० च्या दशकात आंत्वान बोव्हिस या फ्रेंच लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने पिरॅमिडच्या प्रतिकृतीत अन्न कुजत नाही, असे मांडले. महापिरॅमिडच्या राजकक्षात न कुजलेले मृत प्राणी पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा पुढे रूढ झाली. बोव्हिसच्या स्वतःच्या पुस्तिकेत मात्र इजिप्तच्या प्रवासाचा दावा नाही. तेथे आधार आहे तो लोलकाच्या साहाय्याने घरी केलेल्या प्रयोगांचा. पुढे कारेल द्रबाल या चेक रेडिओतंत्रज्ञाने पिरॅमिडखाली दाढीचे पाते धारदार राहते, असा दावा करून १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९५९ मध्ये ते त्याला मिळाले. हे पेटंट आजही पुरावा म्हणून सांगितले जाते. वस्तुतः पेटंट हा कल्पनेवरील हक्काचा दस्तऐवज असतो, सत्यतेचे प्रमाणपत्र नव्हे.

दुसरा प्रवाह जॉर्ज लाखोव्स्की या रशियात जन्मलेल्या, फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या अभियंत्याचा. पेशी ही सूक्ष्म दोलक असते आणि आजार म्हणजे त्या दोलनातील बिघाड, असे त्याने १९२० च्या दशकात प्रतिपादले व रोपांभोवती तांब्याची वलये बसवून प्रयोग केले. १९७३ मध्ये पॅट्रिक फ्लॅनगन या अमेरिकी लेखकाच्या ‘पिरॅमिड पॉवर’ या पुस्तकाने या साऱ्याला लोकप्रिय रूप दिले. आपल्याकडील वास्तुसामानाच्या दुकानांत आज श्रीयंत्राशेजारी जो पिरॅमिड दिसतो, तो या मार्गाने आलेला आहे. ज्याला आपण ‘आपले प्राचीन’ म्हणून स्वीकारतो, त्याचे वय शंभर वर्षांहून फार अधिक नाही.

इजिप्तचा पुरावाही या मताच्या विरुद्ध जातो. आकारानेच देह टिकत असता तर इजिप्शियनांना मृतदेह नॅट्रॉन या क्षारात चाळीसेक दिवस सुकविण्याची गरज भासली नसती. दहशूर येथील ‘वक्र पिरॅमिड’चा उतार बांधकाम सुरू असतानाच सुमारे ५४ अंशांवरून ४३ अंशांवर आणला गेला. कोनाच्या नेमकेपणावर ज्याचे कार्य अवलंबून आहे, असे यंत्र कोणी अर्ध्यावर बदलणार नाही. अडचणीत आलेले बांधकाम सावरताना मात्र असा बदल समजण्याजोगा ठरतो.

अँटेनाची कसोटी

अँटेना ही संज्ञा सैल नाही. विशिष्ट तरंगलांबीशी मेळ असणारी मापे, विद्युतवाहक पदार्थ आणि ग्रहण केलेली ऊर्जा वाहून नेणारे मंडल, या तिच्या सर्वसाधारण अटी होत. दगडी शिखरावरील कळस धातूचा असला तरी त्यापासून गाभाऱ्यापर्यंत असे मंडल नसते.

या मताचे समर्थक २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा दाखला देतात. सेंट पीटर्सबर्ग येथील आयटीएमओ विद्यापीठातील संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसह गणिती प्रतिमान रचून दाखविले की, २०० ते ६०० मीटर तरंगलांबीचे रेडिओतरंग महापिरॅमिडवर पडल्यास अनुनाद घडू शकतो व कक्षांत आणि पायथ्याखाली क्षेत्र एकवटू शकते. हे संशोधन खरे आहे, परंतु त्याचा अर्थ मर्यादित आहे. पिरॅमिडमध्ये प्रत्यक्ष मोजमाप झालेले नाही. तरंगलांबीशी तुल्य आकाराच्या कोणत्याही विद्युतरोधक वस्तूत असा अनुनाद संभवतो. शिवाय ही तरंगलांबी मध्यम लहरींच्या रेडिओप्रसारणाची आहे. संशोधकांचे लक्ष्य नॅनोकणांची रचना हे होते, आरोग्य नव्हे.

याच संशोधनाचा आधार घ्यायचा तर तो शेवटपर्यंत घ्यावा. महापिरॅमिडच्या पायाची बाजू सुमारे २३० मीटर आहे. तशाच दगडाची २३ सेंटिमीटर बाजूची प्रतिकृती केली तर मापे हजारपट लहान होतात आणि अनुनादाची तरंगलांबी २० ते ६० सेंटिमीटर येते. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. म्हणजे या तर्कानुसार घरातील दगडी पिरॅमिड मोबाइलच्या लहरी दूर ठेवणार नाही, उलट त्या आत एकवटेल. दावा आणि त्याचा पुरावा परस्परांना कसे छेदतात, हे येथे स्पष्ट होते.

देहाची ऊर्जा

देह विद्युतदृष्ट्या निष्क्रिय आहे, असे विज्ञान म्हणत नाही. हृदयाच्या कार्यामुळे त्वचेवर सुमारे एक मिलिव्होल्टचा विद्युतदाब मोजता येतो. हृदयाचे चुंबकीय क्षेत्र मात्र छातीजवळही काही दशक पिकोटेस्लांचे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश असते. उभा मनुष्यदेह सुमारे ७० मेगाहर्ट्झच्या आसपास खरोखरच अँटेनासारखे वर्तन करतो. किरणोत्सर्गाच्या सुरक्षामर्यादा ठरविताना हे लक्षात घेतले जाते. त्या ग्रहणाचा सिद्ध परिणाम एकच : ऊतींचे तापणे. ‘ऊर्जा’ हा शब्द भौतिकशास्त्रातून उचलून त्याला ज्यूल वा वॅट यांसारखे कोणतेही मापन न लावता वापरणे, ही या विवेचनातील मूलभूत पद्धतिगत चूक आहे.

शिखर आणि लेणी

महाराष्ट्राच्या संदर्भात या मताची आणखी एक कसोटी घेता येते. साधना आणि ध्यान यांसाठी शिखर आवश्यक असते, तर कार्ले, कान्हेरी व अजिंठा येथील लेण्यांचे काय? तेथे डोक्यावर शिखर नाही, बेसाल्टचा डोंगर आहे आणि जाड खडकात रेडिओतरंग झपाट्याने क्षीण होतात. तरीही भिक्षूंनी शतकानुशतके याच स्थळांची निवड केली.

वास्तू आणि देह यांचे नाते परंपरेला ठाऊक होते, पण ते प्रतीकाचे नाते होते. गर्भगृह, जंघा, स्कंध, ग्रीवा ही मंदिराच्या अंगांची नावेच प्रासादाला पुरुषरूप देतात, तर शिखर मेरूचे स्मरण देते. १०६० मधील शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय किंवा सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहताना भूमिज शैलीतील लघुशिखरांच्या उभ्या ओळी, त्यांचे प्रमाण आणि स्थपतींचे भूमितिज्ञान यांचा अभ्यास व्हावयास हवा. अँटेनाचा सिद्धान्त हे सारे पुसून टाकतो. स्थपतीच्या जागी तो अज्ञात तंत्रज्ञ आणतो आणि श्रद्धेच्या जागी उपकरण. परंपरेचा गौरव करण्याच्या हेतूने निघालेला विचार परंपरेलाच अर्थशून्य करतो, ही यातील खरी हानी होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पिरॅमिडशक्तीचा सिद्धान्त इतिहासदृष्ट्या अर्वाचीन, भौतिकशास्त्रदृष्ट्या अप्रमाणित आणि वास्तुपरंपरेच्या आकलनास अपायकारक आहे. रुग्णाने उपचार सोडून अशा साधनांवर विसंबल्यास हानी प्रत्यक्ष देहाची होते. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे १९७६ पासून राज्यघटनेने सांगितलेले नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे, आणि अध्यापकाच्या बाबतीत ते व्यवसायाचेही कर्तव्य ठरते. भारतीय ज्ञानप्रणालीचा अभ्यासक्रम रचताना आणि शोधनिबंधांचे परीक्षण करताना ‘मापन कोणते, तुलना कशाशी आणि मूळ ग्रंथाचा आधार कोणता’ हे तीन प्रश्न विचारले गेले, तरी पुष्कळसे छद्मविज्ञान उंबरठ्यावरच थांबेल, आणि ज्या परंपरेविषयी आपण आदर बाळगतो, तिच्या खऱ्या अभ्यासासाठी जागा मोकळी होईल.