लोणीकंदचीं कुटुंबें : एका तुलनेविषयीं

पूर्वीं कुटुंबें मोठीं व एकत्र असत, इंग्रजी अमलांत तीं फुटलीं, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. पुणें जिल्ह्यांतील लोणीकंद गांव तिच्याविरुद्ध साक्ष देतें. डॉ. टॉमस कोट्स यांनीं १८१९ च्या सुमारास केलेली या गांवची पाहणी १८२३ त मुंबईच्या लिटररी सोसायटीनें छापिली. त्याच गांवावर डॉ. घुर्ये यांचा ग्रंथ १९६० त निघाला. पुढें १९७० त पॉलीन कोलेंडा यांनीं १८१९, १९५८ व १९६७ या सालांची तुलना करून एकत्र कुटुंबांचें प्रमाण उलट वाढलें, असें दाखविलें.

निष्कर्ष मोलाचा खरा; पण आरंभाचें सालच आम्हांस सामान्य वाटत नाहीं. होळकरी लुटालूट, १८०३-०४ चा दुष्काळ, १८१७-१८ चें युद्ध, इतकें सोसलेल्या मुलखांत आजा व नातू एका चुलीवर जेवावयास वांचले तरी किती असतील? १८१९ चें घर ही रीत मानावी कीं आपत्तीची खूण, हें १८०० पूर्वींच्या खानेसुमाऱ्यांवांचून ठरणार नाहीं. त्या वाचतांनाही घर, चूल व कुटुंब एक समजूं नयेत. जुन्या कागदांत ‘कुटुंब’ म्हणजे कित्येकदां केवळ बायको!

आमचे संग्राहक सनदा जपतात, घरोघरच्या माणसांच्या याद्या मात्र रद्दींत टाकितात. अशी यादी ज्यांच्या दफ्तरांत असेल त्यांनीं तिची नक्कल तरी प्रसिद्ध करावी. शेवटचीं बेरजेचीं पानें गाळूं नयेत.